वाटाड्या बदलतो तेव्हा

(नभोवाणीवरील भाषणाचा मजकूर)



बडोद्याहून अहमदाबादकडे निघालेली गाडी शहर मागे टाकते, तेव्हा बाजवा, रणोली आणि नंदेसरी ही लहान स्थानके एकामागून एक येतात. नंदेसरीच्या पुढे महीचा पूल आणि पैलतीरी वासद. ह्या पट्ट्यात धुराडी, टाक्या आणि नळांची जाळी यांनी क्षितिज व्यापलेले असते. १९६२ साली गुजरात औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, १९६५ साली जवळच कोयलीचा तेलशुद्धीकरण कारखाना सुरू झाला, आणि पुढील काही वर्षांत नंदेसरी ह्या खेड्याचे नाव रसायनांच्या व्यापारात सर्वतोमुखी झाले. आज मोठ्या झालेल्या दीपक नायट्राइट ह्या कंपनीचा आरंभही १९७० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत येथेच, सोडियम नायट्राइट व सोडियम नायट्रेट ह्या दोन द्रव्यांच्या उत्पादनाने झाला.

तथापि आजचा विषय मोठ्या कंपन्यांचा नाही. ह्या वसाहतीत रंग, औषधे व इतर रसायने यांना लागणारी मधली द्रव्ये तयार करणारे लहान कारखानेही आहेत. सरकारच्या १ एप्रिल २०२५ पासूनच्या व्याख्येप्रमाणे यंत्रसामग्रीतील गुंतवणूक अडीच कोटी आणि वार्षिक उलाढाल १० कोटी रुपयांच्या आत असेल तर तो उद्योग सूक्ष्म. २५ कोटी आणि १०० कोटींच्या आत असेल तर लघु. आकडे मोठे दिसतात. परंतु अशा कारखान्यात बहुधा मालकच खरेदी पाहतो, मालकच विक्री पाहतो आणि सायंकाळी हिशेबाच्या वहीवर डोकेही तोच खुपसतो. जाहिरातीसाठी स्वतंत्र मनुष्य नेमण्याची त्याची ऐपत नसते.

अशा मालकाचे गिऱ्हाईक त्याच्या दारापर्यंत येते तरी कसे? एके काळी ते दलालाच्या ओळखीने येत असे. मुंबईच्या मशीद बंदर आणि वडगादी भागातील रसायनांचे व्यापारी हेच कारखानदार आणि ग्राहक यांच्यामधील पूल होते. मग व्यवसायांच्या छापील सूची आल्या. त्या सूचींचे महत्त्व केवढे होते, हे एका खटल्यावरून कळते. 'यलो पेजेस' छापण्याच्या हक्कावरून महानगर टेलिफोन निगम आणि टाटा प्रेस यांच्यात वाद झाला. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि १९९५ साली न्यायालयाने व्यापारी जाहिरात हादेखील भाषणस्वातंत्र्याचा भाग आहे, असा निर्णय दिला. पुढे १९९८ साली गूगल ही कंपनी निघाली आणि अवघ्या काही वर्षांत दलाल, सूची आणि टेलिफोन-चौकशी ह्या तिघांचे काम शोधयंत्राने आपल्याकडे घेतले. नंदेसरीच्या लहान कारखानदाराचा त्यात लाभच झाला. पुण्याचा किंवा परदेशातील खरेदी-अधिकारी रसायनाचे नाव टंकित करी, पुढ्यात दहा दुवे येत, आणि त्यांत आपला दुवा असला की मधल्या मनुष्याविना थेट चौकशी येई.

आता हा वाटाड्याच बदलला आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी लोकांसमोर आले. मे २०२४ मध्ये गूगलने अमेरिकेत, आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टात भारतात, शोधाच्या माथ्यावर यंत्राने रचलेले तयार उत्तर दाखविण्यास प्रारंभ केला. जुलै २०२५ पासून प्रश्नामागून प्रश्न विचारून संवाद करण्याची सोयही भारतातील ग्राहकास मिळाली. दहा दुवे संपले असे नाही. परंतु ते खाली गेले, आणि त्यांच्या आधी उत्तर आले.

हा बदल नेमका काय आहे, हे समजण्यास बडोद्याचेच एक उदाहरण उपयोगी पडेल. १९१० साली सयाजीराव गायकवाडांनी विल्यम अ‍ॅलन्सन बॉर्डन ह्या अमेरिकन ग्रंथपालास बडोद्यास पाचारण केले. बॉर्डन आणि त्यांच्यामागून जनार्दन सखाराम कुडाळकर यांनी संस्थानात ग्रंथालयांची जी व्यवस्था उभी केली, तिचा लौकिक देशभर झाला. ग्रंथांचे वर्गीकरण झाले, सूची तयार झाल्या, पेट्यांतून पुस्तके खेड्यापाड्यांत हिंडू लागली. अशा ग्रंथालयात सूचीतील नोंद वाचकास फडताळापर्यंत नेते. पुढे पुस्तक उघडण्याचे काम वाचकाचेच. नोंद चुकली तर पुस्तक फडताळात असूनही नसल्यासारखेच.

जुने शोधयंत्र असे सूचीसारखे होते. नवे शोधयंत्र हे पुस्तक स्वतः वाचून त्याचा सारांश तोंडी सांगणाऱ्या ग्रंथपालासारखे आहे. वाचक सारांश ऐकतो आणि समाधानाने घरी जातो. आपल्या पुस्तकासाठी कोणी आले होते, हे लेखकास कळतही नाही. अमेरिकेतील प्यू संशोधन केंद्राने मार्च २०२५ मध्ये सुमारे ९०० प्रौढ व्यक्तींच्या आंतरजाल-वापराचे निरीक्षण केले. जेथे यंत्राचा सारांश दिसत होता, तेथे १०० पैकी ८ वेळाच नेहमीच्या दुव्यावर बोट पडले. जेथे सारांश नव्हता, तेथे १५ वेळा. खुद्द सारांशातील दुवा उघडण्याचे प्रमाण १०० मध्ये एक एवढेच भरले. हे आकडे अमेरिकेतील आणि सर्व प्रकारच्या शोधांचे आहेत. नंदेसरीच्या व्यापारास ते जसेच्या तसे लावता येणार नाहीत. परंतु वारा कोणीकडून वाहतो आहे, एवढे त्यांवरून निश्चित कळते.

मग लहान कारखानदाराने हात टेकावेत काय? तसे मुळीच नाही. सारांशाने कोणाचे भागते आणि कोणाचे भागत नाही, हे प्रथम पाहिले पाहिजे. 'सोडियम नायट्राइट म्हणजे काय?' असे विचारणाऱ्या विद्यार्थ्याचे सारांशाने भागते. त्याच्यासाठी कारखान्याच्या संकेतस्थळावर लांबलचक निबंध चढविला तरी तो विद्यार्थी आता तेथे येणार नाही. आणि आला असता तरी माल घेणार नव्हताच. परंतु 'अमुक शुद्धतेचे, २५ किलोच्या गोणीतील, रंगनिर्मितीस योग्य असे सोडियम नायट्राइट बडोद्याजवळ कोण तयार करतो, आणि नमुना मिळेल काय?' असे विचारणाऱ्या खरेदी-अधिकाऱ्याचे सारांशाने भागत नाही. त्यास माल हवा आहे, पत्ता हवा आहे, विश्वास ठेवता येईल असा मनुष्य हवा आहे. यंत्रास त्याचे उत्तर द्यावयाचे तर कोणा ना कोणा कारखान्याचे नाव घ्यावेच लागते. ते नाव आपले असावे, एवढ्यासाठीच सारी खटपट आहे. म्हणून सामान्य ज्ञान सांगण्याची चढाओढ सोडून द्यावी आणि जे आपल्यावाचून दुसरा कोणी सांगू शकत नाही, तेच नेमकेपणाने सांगावे.

नेमकेपणा हा शब्द येथे अलंकार म्हणून वापरलेला नाही. नायट्राइट आणि नायट्रेट ह्या दोन नावांत एका अक्षराचे अंतर आहे. गुणांत मात्र फार मोठे आहे. नायट्रेट खतात व काचनिर्मितीत वापरतात. नायट्राइट रंगनिर्मितीत अत्यावश्यक; परंतु पोटात गेल्यास थोडक्या मात्रेतही रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती हरण करणारे विष. यंत्राने, किंवा घाईत असलेल्या कारकुनाने, ह्या दोहोंची गल्लत केली तर नुकसान केवळ पैशाचे होणार नाही.

ही गल्लत टाळण्याचा उपाय रसायनशास्त्राने पूर्वीच करून ठेवला आहे. अमेरिकन केमिकल सोसायटीच्या एका शाखेतर्फे प्रत्येक रसायनास एक क्रमांक दिला जातो. व्यापारात त्यास 'कॅस नंबर' म्हणतात. नायट्राइटचा क्रमांक ७६३२-००-०, नायट्रेटचा ७६३१-९९-४. ह्या क्रमांकाचा शेवटचा अंक पडताळ्याचा असतो. तो सोडून बाकीचे अंक उजवीकडून डावीकडे घ्यावेत, त्यांस अनुक्रमे एक, दोन, तीन असे गुणीत जावे आणि बेरीज करावी. बेरजेचा एकंस्थानचा अंक शेवटच्या अंकाशी जुळला पाहिजे. नायट्राइटची बेरीज ९० येते, शेवटी शून्य. नायट्रेटची ११४ येते, शेवटी चार. शाळेतील मुलालाही करता येईल असा हा पडताळा आहे. खरेदी-अधिकारी पुष्कळदा नावाऐवजी हाच क्रमांक टंकित करतो, कारण एकाच द्रव्यास पाच-पाच नावे असतात, क्रमांक मात्र एकच. असे असताना ज्या कारखान्याच्या संकेतस्थळावर केवळ 'सर्व प्रकारची उत्कृष्ट रसायने वाजवी दरात मिळतील' एवढेच लिहिलेले असते, त्याने आपल्या दारावरची पाटी आपणच पुसली, असे म्हणावे लागेल.

तेव्हा पहिले काम हे की, प्रत्येक उत्पादनासाठी स्वतंत्र पान असावे. त्यावर नाव, प्रचलित उपनावे, क्रमांक, शुद्धता, बांधणी, उपयोग आणि कोणत्या उपयोगास हा माल योग्य नाही, हेही असावे. खाद्योपयोगी नसलेला माल तसा आहे असे स्पष्ट लिहिण्यात लाजण्यासारखे काही नाही. उलट जाणते गिऱ्हाईक तेवढ्यावरूनच कारखान्याची पारख करते. सोबत १६ भागांचे सुरक्षापत्रक आणि तपासणी-दाखल्याचा नमुना असावा. ही कागदपत्रे पुष्कळ ठिकाणी छायाचित्र काढून वाकडीतिकडी चढविलेली आढळतात. मनुष्यास ती कशीबशी वाचता येतात, यंत्रास बहुधा चुकतमाकत. ती अक्षररूपात असावीत.

दुसरे काम नाव आणि पत्ता यांचे. ज्या शहरास मराठी मनुष्य बडोदे म्हणतो, त्यास इंग्रजीत बरोडा म्हणत आणि १९७४ पासून अधिकृत नाव वडोदरा आहे. नंदेसरी हे नावही रोमन लिपीत दोन-तीन प्रकारांनी लिहितात. एका ठिकाणी 'अँड कंपनी', दुसऱ्या ठिकाणी 'इंडस्ट्रीज', तिसऱ्या ठिकाणी जुना टेलिफोन क्रमांक, असे असले की ही एकच पेढी आहे की तीन, ह्याचा यंत्रास उलगडा होत नाही. संकेतस्थळ, गूगलच्या नकाशावरील नोंद, उद्यम नोंदणी, व्यापारी सूची आणि बिलाचा कागद, ह्या सर्वांवर एकच नाव व एकच पत्ता असावा. नकाशावरील नोंद विनामूल्य असते. ती मालकाने स्वतः आपल्या ताब्यात घ्यावी. ती बेवारस राहिली तर तिच्यावर चुकीचा वा लबाडाचा दूरध्वनी क्रमांक चढण्याचा धोका असतो.

तिसरे काम मालकीचे. संकेतस्थळाचे नाव पुष्कळदा ते बांधून देणाऱ्या कंत्राटदाराच्याच खात्यावर नोंदलेले असते, आणि कंत्राटदाराशी बिनसले की मालकास आपल्याच दाराबाहेर उभे राहावे लागते. कारखान्याच्या जागेचे कागद जो तिजोरीत ठेवतो, त्याने हे नाव कोणाच्या खात्यावर आहे, हे आजच पाहून घ्यावे.

चौथी गोष्ट साक्षीची. आपण आपल्याविषयी काय म्हणतो, याबरोबर इतर आपल्याविषयी काय म्हणतात, हेही शोधयंत्र पूर्वीपासून पाहत आले आहे. म्हणूनच खोटी साक्ष विकणाऱ्यांचा धंदाही पूर्वीपासून चालत आला. गूगलने २०११ साली 'पांडा' आणि २०१२ साली 'पेंग्विन' ह्या नावांचे दोन बदल केले. पहिल्याचा रोख पोकळ मजकुरावर होता, दुसऱ्याचा विकत घेतलेल्या दुव्यांवर. कालपर्यंत अग्रभागी असलेली कितीतरी संकेतस्थळे तेव्हा रातोरात तळाशी गेली. भारतीय मानक ब्यूरोनेही नोव्हेंबर २०२२ मध्ये ग्राहकांच्या अभिप्रायांविषयी आयएस १९००० हे मानक प्रसिद्ध केले. आज 'यंत्राच्या उत्तरात तुमचे नाव हमखास आणून देतो' असे सांगणारे नवे दलाल दारोदार फिरत आहेत. अशी हमी कोणालाच देता येत नाही. यंत्राचे उत्तर प्रत्येक वेळी, प्रत्येक मनुष्यास, थोडे निराळे असू शकते. जो हमी देतो, त्याच्याकडे पाठ फिरवावी, आणि खऱ्या ग्राहकास, माल पोहोचल्यावर, दोन ओळींचा खरा अभिप्राय लिहिण्याची विनंती करावी.

पाचवी गोष्ट अगदी साधी. महिन्यातून एकदा मालकाने स्वतः ग्राहक होऊन यंत्रास विचारावे: अमुक द्रव्य नंदेसरीत कोण बनवतो? आमच्या पेढीविषयी काय माहिती आहे? उत्तरात चूक आढळली तर ती कोठून आली, हे शोधावे. बहुधा एखाद्या जुन्या सूचीत, बंद पडलेल्या पानावर किंवा आपल्याच दुर्लक्षित मजकुरात तिचे मूळ सापडते. मूळ दुरुस्त केले म्हणजे उत्तरही कालांतराने सुधारण्याचा संभव असतो.

येथे कोणी म्हणेल, 'आमची गिऱ्हाइके तीस-तीस वर्षांची. त्यांना यंत्राची गरज नाही.' हे अंशतः खरे आहे, आणि त्या ओळखींची किंमत आता वाढली आहे, कमी झालेली नाही. जुन्या ग्राहकांची अद्ययावत यादी, सणासुदीला एखादा फोन, नव्या मालाची चार ओळींची माहिती, वर्षातून एक भेट, हे दार कोणतेही शोधयंत्र बंद करू शकत नाही. परंतु तीस वर्षे ओळखीचा असलेला खरेदी-अधिकारी निवृत्त होतो, आणि त्याच्या खुर्चीवर बसलेली तरुण मुलगी पहिला प्रश्न मोबाईलला विचारते. जुने दार राखून नवे दार उघडावे, एवढेच सांगणे आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. साऱ्या देशाचा व्यापार दोन-चार परदेशी कंपन्यांच्या उत्तरांवर अवलंबून असावा, हे न्याय्य आहे काय? हा प्रश्न अनाठायी नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने फेब्रुवारी २०१८ मध्ये शोधातील पक्षपाताबद्दल गूगलला सुमारे १३६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. कायद्याने पहारा ठेवलाच पाहिजे. परंतु कायद्याची चाके सावकाश फिरतात, आणि कारखान्याचा पगार दर महिन्यास द्यावा लागतो. एकट्या लहान मालकाने कंपनीशी झुंजण्याची अपेक्षाही रास्त नाही.

मग एकट्याने जे होत नाही, ते कसे करावे? नंदेसरीने त्याचे उत्तर एका निराळ्या क्षेत्रात पूर्वीच दिले आहे. लहान कारखान्यास आपले सांडपाणी स्वतः पूर्ण शुद्ध करणे परवडत नाही. म्हणून येथील कारखानदारांच्या संघटनेने सामाईक शुद्धीकरण केंद्र चालविले. आणि १९८० नंतरच्या दशकात बडोद्याच्या परिसरातील उद्योगांसाठी पन्नासाहून अधिक किलोमीटर लांबीचा सामाईक कालवा खंबातच्या आखाताकडे नेण्यात आला. त्या व्यवस्थेतही दोष निघाले, काठावरच्या गावांच्या तक्रारी झाल्या, आणि त्या दुर्लक्षिण्याजोग्या नव्हेत. एकाने अशुद्ध पाणी सोडले की दोष साऱ्यांच्या माथी येतो, हा धडाही त्याच कालव्याने शिकविला.

हेच तत्त्व माहितीस लावावे. वसाहतीतील सर्व लहान कारखान्यांची एक सामाईक सूची असावी: उत्पादन, क्रमांक, शुद्धता, पत्ता आणि माहिती शेवटी तपासल्याची तारीख. दर सहा महिन्यांनी ती कोणी जबाबदार मनुष्याने पडताळून पाहावी. ज्या मालकास संकेतस्थळ चालविणे जमत नाही, त्याची नोंदही तेथे यावी. आपला स्पर्धक त्याच पानावर दिसेल, ह्या भीतीने कोणी मागे राहू नये. ग्राहकास नंदेसरीत आणणे हे पहिले, त्यातून आपल्या दारी आणणे हे दुसरे. आणि खोटी नोंद करणाऱ्यास तेथून काढण्याचे धैर्यही संघटनेने दाखवावे, कारण घाण पाण्याप्रमाणे खोटी माहितीही साऱ्यांचेच नाव बुडविते.

एवढे करूनही यश येईलच, असे वचन कोणी देऊ नये. कित्येकांच्या चौकश्या घटतील. काहींना उत्पादन बदलावे लागेल. परंतु दलालाच्या काळात, छापील सूचीच्या काळात आणि दहा दुव्यांच्या काळात जी गोष्ट कामास आली, तीच आजही येईल: आपण काय करतो, किती चांगले करतो आणि काय करीत नाही, हे खरे आणि स्पष्ट सांगणे. शाळेत ज्या विद्यार्थ्याने गणिताची रीत मांडलेली असते, त्याचे उत्तर तपासताना परीक्षकास अडचण पडत नाही. परीक्षक बदलला तरी त्या विद्यार्थ्यास भिण्याचे कारण नसते. नंदेसरीच्या लहान कारखानदाराने आपली रीत मांडून ठेवावी, आणि आरंभ उद्याच करावा. सकाळी कारखान्याचे कुलूप उघडल्यावर, चहा येण्यापूर्वी, त्याने आपल्याच पेढीचे नाव यंत्रास विचारून पाहावे, आणि जे उत्तर येईल ते कागदावर उतरून घ्यावे. त्यातील पहिली चूक दुरुस्त झाली की आरंभ झालाच.